कुडपणची चार अक्षरे

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव सह्याद्रीच्या अगदी अंगाला, रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमा एकमेकींजवळ येतात तेथे वसले आहे. गणपतीच्या दिवसांत आम्ही तेथे एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. मुंबईहून चाकरमानी मंडळी मुलाबाळांसह आलेली. संध्याकाळी पावसाने जोर धरला, वीज गेली आणि मोबाइलची रेंज तर आधीपासूनच नव्हती. मुलांचा एक खेळ त्यामुळे अर्ध्यावर अडला. दिलेल्या इंग्रजी अक्षरांतून जास्तीत जास्त शब्द काढायचे, असा तो खेळ. शब्द सुचेनासा झाला की पडद्यावरचा दिवा दाबायचा, मग यंत्र शब्द सुचवते. रेंज गेल्यावर तो दिवा विझला.

मग मुलांनी गावाचेच नाव घेतले. के, यू, डी, पी, ए, एन. या सहा अक्षरांतून पॅन निघाले, नॅप निघाले, पॅड निघाले. थोरल्या नातवाने पंक काढला, धाकट्या नातीने डंक काढला. ओटीवर बसलेले आबा हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘हे साहेबाच्या अक्षरांत झालं. आता आपल्या अक्षरांत करा बघू.’’

‘‘आपल्यात चारच आहेत, आबा,’’ नातू म्हणाला. कु, ड, प, ण. चारांत काय होणार? तरी नातीने ‘पण’ काढला. आबांनी ‘कुड’ सांगितला. नातवाने ‘कण’ म्हटले आणि तेथे भांडण लागले. ‘‘कु आहे, क नाहीये,’’ असे नातीचे म्हणणे. उकार काढून टाकला तर क उरतोच की, असे नातवाचे. दोघांनी आम्हांस पंच नेमले. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे पुस्तकांत घालवलेली, आणि तरी त्या क्षणी आम्हांस निकाल देता आला नाही. तो लांबणीवर पडलेला निकाल येथे लिहून काढीत आहोत.

प्रश्न वरवर पोरकट आहे. वस्तुतः तो मराठी अक्षर म्हणजे काय, याचा आहे. ‘कुडपण’ लिहिताना चार अक्षरे होतात. संगणकात हे नाव साठवले तर पाच खुणा होतात, कारण युनिकोडने उकाराला स्वतंत्र जागा दिली आहे. मराठी माणूस ते उच्चारतो तेव्हा ध्वनी सहा होतात, कारण ड आणि ण यांमधला अ आपण गिळून टाकतो. आणि जुन्या वैयाकरणाला विचारले तर तो प्रत्येक व्यंजनातला अ सुटा करून वर्ण आठ मोजील. शब्द तोच, चार, पाच, सहा, आठ. मोजणारा बदलला की संख्या बदलते. इंग्रजी मुलाला ही अडचण येत नाही. त्याच्या लिपीत अक्षर हा सुटा दगड आहे. तो कोठेही ठेवावा, त्याचे रूप बदलत नाही.

या सुट्या दगडाचा इतिहास छापखान्यातून जातो. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराचा खण असतो आणि कोणते अक्षर किती लागते, हे खणाच्या आकारावरूनच दिसते. १८३० च्या दशकात तारायंत्राची लिपी बसवताना आल्फ्रेड व्हेल याने न्यूजर्सीमधील मॉरिसटाउनच्या वृत्तपत्र-छापखान्यात खिळे मोजले आणि सर्वांत जास्त लागणाऱ्या ‘ई’ला सर्वांत लहान खूण दिली. शंभर वर्षांनी, मंदीच्या काळात, आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार वास्तुविशारदाने वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजली आणि १९३८ मध्ये एक खेळ रचला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. शंभर सोंगट्या, त्यांत ‘ई’ बारा, ‘के’ एक, ‘क्यू’ एक. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवले, कारण अनेकवचनाचा ‘एस’ कोणत्याही शब्दाला चिकटवून गुण लाटण्याची सोय होऊ नये. भाषेचा स्वभाव मोजून त्याचा खेळ केला, असे या उद्योगाचे वर्णन करता येईल. पुढे खेळणाऱ्यांत कोणता शब्द खरा यावरून वाद होऊ लागले, तेव्हा १९७८ मध्ये अमेरिकेत त्या खेळासाठी खास शब्दकोशच छापला गेला. मुलांच्या मोबाइलमधला विझलेला दिवा ज्या याद्यांवर चालतो त्यांचे मूळ अशा भांडणांत आहे. आधी खेळ झाला, मग भांडण झाले, मग यादी झाली.

आपल्याकडे हाच उद्योग करायचा तर? ३४ व्यंजने धरून त्यांना बाराखडीने गुणले तर ४०८ सोंगट्या होतात, आणि त्यांत एकही जोडाक्षर नाही. मराठी छापखान्यांनी हे संकट फार आधी अनुभवले आहे. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत; जुळाऱ्याचा हात इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खणांवरून फिरे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी (१८३९–१८९२) ज्या देखण्या टायपासाठी नाव मिळवले, त्या देखणेपणाची ही किंमत होती. पुढे सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी करण्याचा जो लिपिशुद्धीचा आग्रह धरला, त्यामागेही खिळ्यांची संख्या उतरवण्याचा हेतू होता.

तथापि, सोंगट्या करता येत नाहीत म्हणून आपल्याकडे अक्षरांचे खेळ नव्हते, असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे, दुर्वाचकयोग आहे, अक्षरमुष्टिकाकथन आहे आणि प्रतिमालाही आहे. प्रतिमाला म्हणजे आपल्या भेंड्याच: एकाच्या श्लोकाचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्याने श्लोक म्हणायचा. सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीत शूद्रक राजाचा दिवस वर्णिला आहे. हा राजा काव्यगोष्टीत वेळ घालवतो तेव्हा तेथे अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती असे खेळ चाललेले असतात. बिंदुमतीत श्लोकातील अक्षरांच्या जागी टिंबे देत आणि मात्रा तेवढ्या दाखवीत. त्यावरून मूळ श्लोक ओळखायचा. अक्षरच्युतकात एक अक्षर गाळले की दुसराच अर्थ उभा राहिला पाहिजे. मात्राच्युतकात अक्षर तसेच ठेवून त्याची मात्रा तेवढी गाळायची. आमच्या पंचगिरीला येथे प्रथम आधार मिळाला. ‘कुडपण’मधील मधली दोन अक्षरे गाळली, उरलेल्या ‘कु’चा उकार काढला, की ‘कण’. नातवाने नकळत अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक हे दोन्ही खेळ एकाच चालीत खेळले होते.

मराठीत या कलेचा कळस पाहायचा तर मोरोपंतांकडे जावे लागते. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेल्या आणि बारामतीस स्थायिक होऊन १७९४ मध्ये निवर्तलेल्या या कवीने १०८ रामायणे लिहिली. एकच कथा पुन्हापुन्हा का, तर प्रत्येक वेळी नियम वेगळा. मंत्ररामायणात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली आहेत, परंतुरामायणात ‘परंतु’ची. निरोष्ठ रामायणात तर ओठांनी उच्चारायची अक्षरेच वर्ज्य केली आहेत. दंडीच्या दशकुमारचरितात या युक्तीचा पूर्वज सापडतो. तेथे मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असल्याने तो आपली हकिकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. पंतांनी हीच युक्ती शृंगारातून उचलून भक्तीत आणली.

हे किती अवघड, ते वाचकांनी स्वतः करून पाहावे. प, फ, ब, भ, म गेले. उ, ऊ गेले. ओ, औ आणि व यांत ओठांचा वाटा आहे, म्हणून नियम कडक धरला तर तेही गेले. म्हणजे रामायण लिहायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! लक्ष्मण नाही, भरत नाही, शत्रुघ्न नाही. मारुती नाही आणि हनुमानही नाही. सुग्रीव, बिभीषण, कुंभकर्ण, शूर्पणखा सगळे बाद. व धरला तर रावणही बाद. उरले कोण? सीता आणि जानकी, दशरथ आणि कैकेयी, जनक, अहल्या, अंगद, नल, नील, इंद्रजित आणि लंका. रामाला हाक मारायची तर सीताकांत म्हणावे, जानकीनाथ म्हणावे, दाशरथी म्हणावे. एवढ्यावर भागत नाही. मराठी वाक्याचे सांधेच ओठांनी बांधलेले आहेत. ‘तो’ म्हणता येत नाही, ‘जो’ म्हणता येत नाही, ‘करतो’ चालत नाही, ‘करी’ चालते. ‘पण’ गेले, ‘परी’ गेले, ‘मग’ गेले, ‘म्हणे’ गेले, ‘आणि’ राहिले. प्रत्येक ठिकाणी पहिला सुचलेला शब्द टाकून दुसरा शोधावा लागतो, आणि तोही आर्येच्या मात्रांत बसणारा.

पाश्चात्त्य जगात असा उद्योग करणाऱ्यांची कीर्ती मोठी आहे. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने १९३९ मध्ये पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ‘ई’ या अक्षरावाचून लिहिली. जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये तेच केले. आमच्या समीक्षेने मात्र पंतांच्या या रामायणांना शब्दचमत्कृती म्हणून बाजूला सारले. निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पंतांची बाजू हिरिरीने मांडली, हे खरे. तरी पंतांचे यमक आणि त्यांच्या कसरती यांविषयी थोडे हसून बोलण्याची रीत पडली ती पडलीच. ही रामायणे थोर काव्य आहेत, असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मराठी शब्दभांडाराची अशी कसून झडती क्वचितच कोणी घेतली असेल. ती घेताना पंतांपुढे मराठीचा छापील कोश नव्हता. मोल्सवर्थचा कोश निघाला तो १८३१ मध्ये, पंतांच्या निधनानंतर ३७ वर्षांनी. पंतांचा कोश त्यांच्या जिभेवर होता.

भेंड्यांचे गणितही याच जिभेवरच्या कोशावर चाले. भेंड्यांत खरे कौशल्य आरंभाच्या अक्षरात नसून शेवटच्या अक्षरात असते. आपला श्लोक असा निवडायचा की समोरच्याच्या वाट्याला ठ, ढ किंवा झ यावा. ळ आणि ण यांनी मराठी शब्दाचा आरंभ होत नाही, म्हणून ळ आला तर ल आणि ण आला तर न घेण्याची मुभा देण्याचा रिवाज पडला. खेळणाऱ्यांनी भाषेच्या स्वभावाला मान देऊन स्वतः केलेला हा नियम आहे. कोणा मंडळाने तो छापला नव्हता. मनाचे श्लोक २०५, त्यांतील कितीतरी ‘मना’ या हाकेने सुरू होतात. ते पाठ असणाऱ्याला म कधी अडत नसे. ट मात्र अडे. मग ट साठी वेगळी तजवीज करून ठेवावी लागे. अक्षरावरून शब्द शोधण्याची ही पद्धत चालायची तर आधी पुष्कळ काही कानावर पडलेले असावे लागे.

कोणाच्या कानावर काय पडे, हे मात्र सर्वत्र सारखे नव्हते, आणि येथे जुन्या काळाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. पंतांच्या आर्या पुराणिक-कीर्तनकारांच्या तोंडून पसरल्या, पण पोथी हातात धरण्याचा अधिकार थोड्यांचाच होता. महाड-पोलादपूरचा मुलूख काही निरक्षर नव्हे. दासबोध ज्या शिवथरघळीत लिहिला गेला असे सांगतात ती महाड तालुक्यात आहे. त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे यावरच खर्ची पडला आहे. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. तरीही डोंगरातल्या शेतकरी घरांत शब्द पोचला तो बहुतांशी पोथीवाचून. हरिपाठातून, भजनातून आणि कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबांतून. आमच्या यजमानांचे आबा शाळेत फार गेले नाहीत. पण भजनाच्या फडावर बसून त्यांनी जमवलेला साठा आम्हां पदवीधरांपेक्षा मोठा आहे, हे त्या रात्री भेंड्या सुरू झाल्यावर आम्हांस मुकाट्याने मान्य करावे लागले.

छपाईने अक्षर मोजण्याची एक निराळी रीत रूढ केली. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. पुढे मराठी नियतकालिकांनी तो प्रकार उचलला तेव्हा त्यांना आमच्या नातवंडांचाच प्रश्न पडला असणार: एका चौकोनात काय घालायचे? उत्तर गाजावाजा न होता ठरले. चौकोनात मात्रेसकट पूर्ण अक्षर. जोडाक्षर असले तरी चौकोन एकच. आडव्या शब्दात ‘कु’ असेल तर उभ्या शब्दातही ‘कु’च हवा, ‘क’ चालत नाही. म्हणजे शब्दकोड्याच्या न्यायाने नात जिंकली.

या चौकोनांवर एकदा सर्वोच्च न्यायालयालाही बसावे लागले. बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी पूर्वी इतका जोर धरला होता की १९४८ मध्ये मुंबई प्रांताने आणि १९५५ मध्ये केंद्राने त्यांना आवर घालणारे कायदे केले. केंद्राच्या कायद्याने अशा स्पर्धेची बक्षिसे महिन्याला एक हजार रुपयांच्या आत आणली. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या चालकांनी मुंबई राज्याच्या कायद्याला आव्हान दिले, आणि १९५७ मध्ये निकाल लागला. कौशल्याने सुटते ते कोडे वेगळे आणि दैवावर सुटते तो जुगार वेगळा, अशी रेषा न्यायालयाने आखली. या भेदाचे मर्म अक्षराशी आहे. एका चौकोनात दोन अक्षरे सारखीच शोभत असतील आणि कोणते बरोबर हे संपादकाच्या मोहोरबंद लखोट्यातच ठरलेले असेल, तर भाषेचे ज्ञान तेथे निरुपयोगी ठरते. शब्द शोधणे आणि लखोट्यात काय आहे ते ओळखणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलमधला दिवा या दोहोंत कोठे बसतो? तो लखोटा नव्हे. त्याची यादी खरी असते, माणसांनी भांडून केलेली असते. मुंबईस परतल्यावर आम्ही कुतूहलाने तशी एक यादी चाळली. गावाच्या सहा इंग्रजी अक्षरांतून मुलांच्या हातून सुटलेले दोन शब्द तेथे निघाले. एक तीन अक्षरी: डी, ए, के. दुसरा पाच अक्षरी: पी, यू, एन, के, ए. पहिला म्हणजे आपली डाक, दुसरा म्हणजे आपला पंखा. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून हे शब्द साहेबाच्या भाषेत गेले. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्यांची नोंद झाली आणि शेवटी खेळाच्या यादीतही ते जाऊन बसले. त्या सहा अक्षरांतून काढता येण्याजोगा तो पाच अक्षरी शब्द आमच्याच घरातला होता, आणि आमच्याच मुलांना तो दिसला नाही.

मराठीची अशी यादी करायला साधनांची उणीव नाही. १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. संगणकाला आता देवनागरी कळते. ‘क’ शोधा म्हटले की तो ‘कु’मधला क देखील शोधून देतो, म्हणजे नातवाचा पक्ष घेतो. उणीव आहे ती खेळणाऱ्यांची. ‘कु’ आणि ‘क’ एक की दोन, यावर भांडणारी दोन मुले जोवर घरात आहेत तोवर नियम ठरू शकतो. ती मुले इंग्रजी सहा अक्षरांत सात शब्द काढतात आणि मराठी चारांत काय होणार म्हणून खांदे उडवतात, यात दोष त्यांचा नाही. त्यांच्या कानावर जे पडले तेच त्यांना सापडते.

आता निकाल. अक्षर मोजायचे तर ‘कण’ बाद. नातीचे म्हणणे शब्दकोड्याच्या परंपरेला धरून आहे. मात्रा गाळण्याची मुभा आधी ठरवून घेतली असेल तर ‘कण’ ग्राह्य. नातवाच्या मागे बाणभट्ट उभा आहे. नियम आधी ठरला नव्हता, म्हणून ‘कण’ला अर्धा गुण. मुभा दिली तर ‘कड’ आणि तिच्या जोडीने ‘पड’ हेही मिळतात. कड्याच्या कडेला वसलेल्या आणि पड जमिनी वाढत चाललेल्या गावाला हे शब्द परके नाहीत. आबांच्या ‘कुड’ला पूर्ण गुण.

त्या रात्री ‘कुड’ म्हणजे काय, हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि आबांनी शब्द खोटा रचला असा नातवाला संशय होता. सकाळी पाऊस उघडल्यावर आबा त्याला घरामागे घेऊन गेले. राहते घर सिमेंटचे झाले आहे, पण गोठ्याची एक बाजू अजून जुनीच आहे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमाती लिंपलेली. खालच्या अंगाला लिंपण गळून काठ्या उघड्या पडलेल्या. आबांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा कुड.’’ नातवाने एक काठी हलवून पाहिली, आणि पुन्हा खेळायला बसल्यावर आपल्या वहीत तो शब्द आबांच्या नावावर लिहिला.